हिन्याच्या वासाचा मफलर

शहागंजातल्या अत्तराच्या दुकानात कालिंदीनं रिकामी कुपी काउंटरवर ठेवली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसानं चक्क नाक दाबलं.

"माफ करा," तो घाईघाईनं म्हणाला, "तुमच्यामुळं नाही..."

दुकानदार चाचा हसले. "इनको छोडो ताई, ये मधमाश्यावाले सर हैं. अम्मा का गुलाबपानी लेने आते, और नाक पकडके खडे रहते. बोलो, साहब का हिना ना?"

कालिंदीनं मान हलवली. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. थंडी पडली की ते इथूनच हिना न्यायचे, आणि मग होळीपर्यंत त्यांच्या राखाडी मफलरला तोच वास असायचा. चाचांनी काडीनं तिच्या मनगटावर थेंब टेकवला. तिनं हुंगलं. हिनाच होता. पण बाबा नव्हते.

"अंगाला लागल्यावर बदलतो तो," शेजारचा माणूस हळू आवाजात म्हणाला. "ज्याच्या त्याच्या अंगावर वेगळा. कुपीत नाही सापडायचा."

तिनं दचकून त्याच्याकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत कितीजण भेटायला येऊन किती काय बोलून गेले होते... एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.

तो विश्वजित. मूळचा पिशोरचा, इथं कृषी महाविद्यालयात मधमाशीपालन शिकवणारा. थंडीच्या दिवसांत रविवारी चार-सहा माणसं गाडीत घालून रान दाखवायला नेणारा.

"या रविवारी पितळखोऱ्याला चाललोय. या ना तुम्हीही," तो म्हणाला. "फक्त अत्तर लावू नका. तिथं कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात."

"आणि लावलं तर?"

"तर माझ्याआधी त्यांची नजर जाईल तुमच्यावर."

ती घरी पोहोचेपर्यंत हसत होती. चावी कुलपात घालताना तिच्या ते लक्षात आलं.

रविवारी पहाटे बोचरी थंडी होती. अत्तर तिनं लावलं नाही. पण निघता निघता हात कपाटाकडं गेला, आणि बाबांचा मफलर गळ्यात आला. वर्षभर तो धुतलेला नव्हता. आईनं दोनदा बादलीत टाकला होता आणि कालिंदीनं दोन्ही वेळा कोरडाच बाहेर काढला होता.

जीपच्या पुढच्या सीटवर, विश्वजितच्या शेजारी, एक मुलगी आधीच बसली होती. कापलेले केस, मोकळं हसू.

"मी हिमानी. विशूची जुनी शिष्या. तिसरा हिवाळा माझा!"

विशू... कालिंदी मागं बसली.

दौलताबादचा घाट लागला तशी हिमानीनं संत्रं सोललं. "विशू, आ कर." त्यानं मान न वळवता तोंड उघडलं. एक फोड. मग दुसरी. मागची माणसं हुरड्याच्या गप्पा मारत होती, कुणीतरी तीळ-लसणाची चटणी डब्यात आणल्याचं सांगत होतं. कालिंदीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला संत्र्याच्या फोडी दिसत होत्या.

"नियम ऐका," विश्वजित मोठ्यानं म्हणाला. "खाली आवाज नाही, विडी-सिगारेट नाही. माशी अंगावर बसली तर झटकायचं नाही. एक मारली की बाकीच्या येतात. आल्याच, तर तोंड झाकायचं, आल्या वाटेनं गाडीत जायचं आणि काचा लावायच्या. डंख चिमटीत धरायचा नाही, नखानं आडवा खरवडायचा."

"आणि पाण्यात उडी नाही मारायची," हिमानी म्हणाली. "त्या वर वाट बघत बसतात. पाठ आहे मला!"

"हुशार," तो हसला.

कालिंदीनं मफलर आणखी घट्ट ओढला. एवढ्याशा 'हुशार'चं तिला का लागावं? हा कोण तिचा? एका दुकानात भेटलेला, नाक दाबून उभा असलेला माणूस.

लेण्यांच्या पायऱ्यांपाशी हिमानीनं न सांगता मातीनं हात चोळून धुतले, संत्र्याचा वास जाईपर्यंत. मग विश्वजित कालिंदीजवळ आला. फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मफलर गाडीत ठेवता?"

"मी अत्तर लावलेलं नाही."

"त्याला आहे. हिना... गाडीत बसल्यापासून येतोय मला."

"बाबांचा आहे."

"मग असं करा, तुम्ही वरच थांबा. मी यांना लेणी दाखवून आणतो. मग आपण पलीकडच्या पठारावर जाऊ."

तो बरोबर बोलत होता. पण पायऱ्या उतरताना हिमानीचा पाय घसरला, त्यानं हात पुढं केला, आणि तिनं तो खालच्या पायरीपर्यंत सोडला नाही. एवढंच घडलं. कालिंदीनं मफलर जॅकेटच्या आत कोंबला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि त्यांच्यामागं उतरू लागली.

कड्याला काळी मोहोळं लोंबत होती, आणि ऊन नुकतंच त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. लेण्यांचा रखवालदार कडुबा तिला बघून ओठांवर बोट ठेवत म्हणाला, "हळू, ताई. ऊन लागलं की लई वंगाळ हायेत त्या."

पहिली माशी तिच्या कानाशी आली. उतरून उतरून गरम झालं होतं. जॅकेटमधून हिन्याचा वास वर येत होता. दुसरी आली. तिसरी गळ्यापाशी बसली. झटकायचं नाही, हे तिला माहीत होतं. हातानं झटकलं.

वरून एक काळा पदर सुटल्यासारखा झाला.

विश्वजित धावत आला. त्यानं तिच्या जॅकेटची चेन ओढली, मफलर काढला, स्वतःच्या डोक्याला गुंडाळला. "हिमानी, सगळ्यांना वर ने. हिचा हात सोडू नको." आणि तो ओढ्याच्या बाजूनं, उलट्या दिशेनं पळत सुटला. तो काळा पदर त्याच्यामागं गेला.

हिमानीनं खरंच हात सोडला नाही. गाडीच्या काचा लागल्या, तरी तिनं तो धरूनच ठेवला होता. ओढ्याकडं बघत ती म्हणाली, "मी तीन हिवाळे येतेय. मला त्यानं कधी पठारावर नेतो म्हटलं नाही."

"तू ऐकलंस?"

"माझे कान तिकडंच असतात गं." ती हसायला गेली आणि जमलं नाही. "आज दिवसभर मला तुझा राग येतोय. तुला माझा येत असेलच."

हे इतकं सरळ बोलता येतं, हेच कालिंदीला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं कडुबाच्या खांद्यावर हात टाकून तो आला. एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला. हिमानी सरळ जाऊन स्टिअरिंगवर बसली. कन्नडच्या दवाखान्यापर्यंत, मागच्या सीटवर, कालिंदीनं नखानं एकेक डंख आडवा खरवडला. मानेवरचा, कानामागचा, भुवईवरचा.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"बोलू नका... नख हलतं."

चार दिवसांनी तो घरी आला. सूज उतरत होती, पण एक डोळा अजून अर्धाच उघडत होता. हातात स्टीलचा कडीचा डबा. आई चहा टाकायला आत गेली.

"मफलर," तो म्हणाला. "त्याच दिवशी यात कोंबला. धुतला नाही. म्हटलं, ते तुम्ही ठरवायचं."

कालिंदीनं कडी काढून झाकण किलकिलं केलं. पिकल्या केळ्यासारखा तीव्र वास आला.

"तो डंखांचा. दुसऱ्या माश्यांना बोलावतो तो. धुतल्याशिवाय हा रानात नेता येणार नाही."

"आणि धुतला तर..."

"हो. तोही जाईल."

तिनं पुन्हा हुंगलं. केळं होतं, हिना होता, त्याच्या घामाचा वास होता. बाबा कुठं संपत होते आणि कोण सुरू होत होतं, ते वेगळं काढता येईना. तिनं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग एकदम विचारलं, "हिमानी नेहमी पुढंच बसते?"

"तिला घाटात गाडी लागते." सुजलेल्या ओठांनी जमेल तेवढं तो हसला. "मागं बसली की ओकते. संत्रं त्यासाठीच. आणि सोललं की मलाही भरवते, नको म्हटलं तरी."

"तिला तुम्ही आवडता."

"माहीत आहे. परवा तिच्याशी स्पष्ट बोललो. रडली. मग म्हणाली, घाटभर आरशात कुणाला बघत होतास ते मला केव्हाच कळलं होतं." त्यानं डब्याच्या कडीकडं पाहिलं. "त्या दिवशी दोन वळणं चुकता चुकता वाचलो."

कालिंदी उठली. मागच्या अंगणातल्या नळाखाली बादली भरली, मफलर आत सोडला आणि स्वतःच्या हातानं खाली दाबला. पाणी गढूळ झालं. एक मेलेली माशी वर तरंगली. ती बराच वेळ बादलीवर वाकून राहिली. तो बाजूला उभा होता. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही.

मग मफलरचं एक टोक तिनं त्याच्यासमोर धरलं. तिनं एका बाजूला पीळ दिला, त्यानं दुसऱ्या. मध्ये पाण्याची धार फरशीवर पडत राहिली.

"रविवारी येणार?" त्यानं विचारलं.

"येईन. पुढं हिमानीच बसू दे." तिनं आणखी एक पीळ दिला. "आरसा मात्र थोडा माझ्याकडं वळव."