कडी बाहेरून

चहासाठी यंत्रं थांबली, तेव्हा कुठे गोडाऊनचं दार बडवल्याचा आवाज ऐकू आला. फाटकावरच्या नत्थूजीनं धावत जाऊन कडी काढली. आत रुईच्या गाठीला टेकून सुपरवायझर प्रभाकरराव धापा टाकत होते. दम्याचा माणूस, त्या धुळीत दुपारपासून कोंडलेला! कडी बाहेरून लावली होती.

"हे मशीनवरच्या आदेशचंच काम," बातमी कळताच मॅनेजर गजेंद्र साहेब आपल्या खोलीत खुर्चीतूनच म्हणाले. "जागृती मॅडम, त्याले आत्ताच्या आत्ता कामावरून काढा."

समुद्रपूरजवळच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात जागृती कामगार अधिकारी होती. आज वर्ल्डकपची फायनल, म्हणून साहेबांनी नियम काढला होता. सुट्टी नाही, फाटकाला कुलूप, सगळ्यांचे मोबाइल पेटीत आणि पेटीची किल्ली साहेबांच्या खिशात. जागृतीचा मोबाइलही सुटला नव्हता. बाहेरचं कोणी आत येणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्यानं कडी लावली तो आतच होता.

तिनं सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं.

"आदेश, सकाळी प्रभाकररावांशी भांडलास?"

"हो जी. सुट्टी मागतली, त्यायनं देल्ली नाई. पाहून घेतो म्हटलं. पण कडी म्या नाई लावली."

"दुपारी तुला कोणी पाहिलं?"

"मशीनवर एकटाच होतो. कोण पाह्यन मले?" घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालायचं.

"प्रभाकरराव, तुम्ही गोडाऊनमध्ये कशाला गेलात?"

"सायबांनी धाडलं. सहीसाठी खोलीत गेलतो, तं त्यायनं कपाळावर हात मारला. पुन्हा गेलो तं खेकसले, जा, गाठी मोजा."

"का चिडले?"

"काय मालूम."

नत्थूजी खुदकन हसला. "मागच्या मॅचले हे टपरीवर आले अन् लागोपाठ दोन गडी गेले. आमी यायले हाकललंच तिथून. पायगुण!"

प्रभाकरराव मान खाली घालून उभे राहिले. जागृतीनं साहेबांकडे पाहिलं. त्यांची नजर मघापासून टेबलाच्या अर्धवट उघड्या खणातच होती.

"प्रभाकरराव, जरा साहेबांच्या टेबलाजवळ येता?"

"नाई! इकडे नोका येऊ!" साहेब ओरडले. "शेवटची ओव्हर..."

आणि त्यांनी जीभ चावली.

"झालं," जागृती म्हणाली. "यांना कोंडलं ते भांडणापायी नाही, पायगुणापायी. पायगुण नडतो तो मॅच पाहणाऱ्याला. मोबाइल सगळ्यांचे पेटीत, किल्ली तुमच्याकडे. मग आज इथं मॅच पाहणार कोण? हे सहीला आले की गडी जायचा. म्हणून तुम्ही यांना गोडाऊनमध्ये धाडलंत आणि मागून जाऊन कडी लावलीत. तुमच्याच नियमानं बाकी सगळे सुटले, साहेब."

"मॅच संपली का काढणारच होतो मी कडी..."

"तोवर हे मेले असते!" जागृतीनं हात पुढे केला. "मालकांना कळवते आणि पोलिसांनाही. किल्ली द्या."

साहेबांनी मुकाट्यानं किल्ली दिली आणि ते भिंतीला लागून उभे राहिले. जागृतीनं खण पूर्ण ओढला. आत मोबाइलवर मॅच चालू होती.

प्रभाकरराव दाराकडे वळले. "मी बाहेर थांबतो. अजून मॅच संपली नाई."

आदेशनं साहेबांची खुर्ची त्यांच्यापुढे ओढली.

"बसा काका. हारले तं हारले."