पायरवाडी : निरंक

देवकांडे नगरपरिषदेचं अख्खं दप्तर बीजातून पुन्हा उगवायला साडेतीन तास लागले. डोंगर खचून कचेरी आणि तिच्या तळघरातलं डेटा सेंटर गाडलं गेलं, त्याला तेव्हा जेमतेम एक दिवस झाला होता. शाळेच्या वर्गात लावलेल्या पडद्यावर एकेक वॉर्ड उमटत होता आणि मुख्याधिकारी टाळ्या पिटत होते. हेड क्लार्क यशवंत घवाळींचा जीव मात्र पायरवाडीत अडकला होता. त्यांची लेक वासंती, जावई आणि पाच महिन्यांची नात तिथेच राहत होती, आणि डोंगरावरची ती वाडीही त्याच दरडीत सापडली होती.

बीज ही डॉ. नीरजा तुळपुळे यांची कल्पना. सगळ्या नोंदींची दुसरी प्रत दूरच्या शहरात सांभाळणं छोट्या नगरपरिषदेला झेपणारं नव्हतं. पण सरकारी दप्तर म्हणजे वर्षानुवर्षं तेच ते. मग सगळं जपायचं कशाला? लिहिणाऱ्यांच्या सवयी तेवढ्या जपायच्या. आपत्तीनंतर यंत्र त्या सवयींवरून बाकीचं दप्तर स्वतःच लिहून काढतं. सवयींचा तो मूठभर साठा म्हणजे बीज. चाचणीत शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदी हुबेहूब निघाल्या आणि सभेनं ठराव एकमतानं मंजूर केला. उरलेल्या एका नोंदीची चौकशी कोणी केली नाही. घवाळींनीही नाही.

पडद्यावर पायरवाडीची ओळ उमटली. लोकसंख्या : निरंक. म्हणजे एकही माणूस नाही.

"मॅडम, हे चुकलंय!" घवाळी ओरडलेच. "त्रेचाळीस माणसं आहेत तिथं. याच उन्हाळ्यात मी स्वतः वर चढून मोजलीत."

पडद्याशी बसलेल्या डॉक्टर बाईंनी बीजातल्या सवयींची जंत्री चाळली. "त्याआधी हा रकाना कोण भरायचं?"

"मीच."

"काय भरायचात?"

घवाळींनी मान खाली घातली. पायरवाडी बेकायदा जागेवर. माणसं दाखवली की पाणी द्यावं लागतं, रस्ता द्यावा लागतो. म्हणून वरिष्ठ सांगत आणि घवाळी मुकाट्यानं लिहीत, निरंक. एकतीस वर्षं. पोटची पोर तिथं नांदायला गेली, तेव्हा कुठे त्यांना तिथली माणसं दिसली. लाज वाटत होती, पण आता लाजायलाही वेळ नव्हता.

"एकाच हातानं एकतीस वेळा निरंक आणि एकदाच त्रेचाळीस," बाई हळूच म्हणाल्या. "यंत्रानं त्रेचाळीस ही लिहिताना झालेली चूक धरली. दुरुस्त करून टाकली."

"खऱ्याची दुरुस्ती? अहो, मग पुन्हा लिहा की!"

त्यांनी लिहिलं. क्षणात उत्तर आलं. नोंद लेखनिकाच्या सवयीशी विसंगत, स्वीकारता येत नाही.

"ही अट मीच घातली होती," बाई म्हणाल्या. "आपत्तीत कोणी खोटी माणसं घुसडू नयेत म्हणून."

खोटी माणसं आधीपासूनच आत होती. उपनगराध्यक्षांच्या रिकाम्या गोदामात यंदाही साठ मतदार राहत होते, आणि ढिगारा उपसणारी यंत्रं तिकडेच धडधडत निघाली होती. पुढारी यंत्रं आपापल्या दारी ओढून नेतात, म्हणून बचाव पथक फक्त दप्तरातली माणसांची यादी मानायचं. नियम चांगलाच होता. घवाळींना त्या चांगुलपणाचा संताप आला.

फावडं उचलून ते पायरवाडीच्या वाटेला लागले. वळणावर दोरी बांधून पथकाचा एक जवान उभा होता.

"काका, मागं फिरा. दरड अजून हलतेय."

"वर माझी लेक आहे रे! तान्हं बाळ आहे तिचं!"

जवानानं हातातली यादी पाहिली. "इथं कोणीच राहत नाही, काका."

"चुकीची आहे ती यादी. एक यंत्र पाठव, पाया पडतो तुझ्या."

"मला अधिकार नाही हो." जवान भला माणूस होता. त्यानं ती ओळ पुन्हा नीट वाचली. "खाली सही करणाऱ्याचं नाव आहे बघा. त्यांनी सांगितलं तर काम होईल. असं करा, तुम्ही आधी या घवाळी साहेबांना गाठा."