दुसरं कुलूप

हसायचं तर हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या. आम्हा लिफ्टवाल्यांची एक शिस्त आहे. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या पट्टीला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. दोघं उतरले तर दोन कुलपं. आणि ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं.

अकरा वर्षांपूर्वी मला हे काम शिकवणारे उस्ताद आपलं कुलूप घरी विसरून आले. "तुझं एक पुरे रे दोघांना," म्हणाले. मी आधी वर आलो, सवयीनं कुलूप काढलं आणि खाली हाक न मारता स्विच चढवला. पुढचं विचारू नका.

तेव्हापासून ग्रीसचा वास आला की छाती आवळते, हात बधिर होतात, आता मेलोच असं वाटतं. दोनदा काम टाकून पळालो. तिसऱ्यांदा पळालास तर घरी बस, असं साहेबांनी बजावलंय. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला, "समोरचं मोजायचं. पाच गोष्टी दिसणाऱ्या, चार हाताला लागणाऱ्या, तीन आवाज. हाताला लागतं ते खरं, बाकी आठवण." त्यावरच तग धरून होतो.

परवा सकाळी एका जुन्या इस्पितळात सामानाच्या लिफ्टचं काम होतं. वॉचमन पेपर खाली करून म्हणाला, "एकटेच?"

"का, दिसत नाही?"

माणूस मला पहिल्यापासूनच बरा वाटला नाही. कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि उतरलो.

खाली वास आला आणि झालंच सुरू. भिंत धरली. मोजायला लागलो. दिवा, पाना, दोरी, बादली, माझे बूट. हाताला गार लोखंड, ओली भिंत, चिंधी, खिशातली किल्ली. आता आवाज. एक, पाण्याची टिपटिप. दुसरा, माझा श्वास. तिसरा... तोही श्वासच होता. मी श्वास रोखून धरला. तो चालूच राहिला.

डोक्याचे खेळ, दुसरं काय! काम कसंबसं उरकून वर आलो. माझं कुलूप काढलं, आणि पट्टीला आणखी एक लटकत होतं. बंद. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. कुलपांची अदलाबदल होऊ नये म्हणून काकूंनी, उस्तादांच्या बायकोनं, त्यांच्या कुलपाला लावलेला. तेच कुलूप उस्ताद गेल्यावर काकूंनी माझ्यासमोर विहिरीत फेकलं होतं हो!

"हा चावटपणा कोणाचा?" मी वॉचमनवर खेकसलो.

"मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही, साहेब."

खोटं बोलत असणार. नाहीतर मीच बिघडलोय. मी हात लावून पाहिला. गार. जड. हाताला लागत होतं.

खड्ड्यात वाकून हाक मारायची होती. अकरा वर्षांपूर्वीची तेवढी एक हाक माझ्याकडे बाकी होती, आणि तीही मारली नाही. मी पळालो.

काल माझ्या जागी दुसरा मेकॅनिक गेला. तिथून त्याचा फोन आला. "अरे, इथं एक कुलूप राहिलंय, लाल ठिपक्याचं. तुझंच ना? तोडू का?"

माझं कुलूप माझ्या पिशवीत होतं. हे बघा, अजून आहे. "तोडू नकोस," म्हणालो. "आधी खाली वाकून हाक मार."

त्यानं हाक मारलेली मला फोनमध्ये ऐकू आली.

"अरे..." तो कुजबुजला, "खाली कोण आहे? विचारतायत... तो नीट वर गेला का म्हणून."