गाळलेली ओळ

लाकूड कापण्याच्या त्या कारखान्यात ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. काचेतून खालच्या करवती दिसायच्या. रोज सकाळी कीबोर्डवरचा भुसा फुंकरीनं उडवून ती कामाला लागायची. तिचा मोठा भाऊ, दादा, खालीच काम करायचा. जाता-येता वर बघून तिला वाकुल्या दाखवायचा.

काम साधं होतं. रजेवर असलेल्या कामगारांचे नंबर यादीत घालायचे आणि डेटाबेसमधून तेवढ्यांच्याच ओळी आणायच्या. आधी चाचणी म्हणून तिनं यादी रिकामी ठेवली. म्हणजे काहीच यायला नको होतं. पण एक ओळ आली. मोठ्या करवतीवरच्या दाढीवाल्याची.

"यादीत कुणी नाही, तरी हा येतोय," ती म्हणाली.

"उलटंसुलटं लिहिलं असशील काहीतरी," शेजारचा चष्मेवाला मान वर न करता म्हणाला. डेटाबेस त्याच्या ताब्यात असायचा.

ती कोड पुन्हा वाचत होती, तेवढ्यात खाली खणकन आवाज झाला. करवतीचं पातं तुटलं होतं. दाढीवाला दोन्ही हातांनी गळा दाबून उभा होता आणि बोटांच्या फटींतून रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. मग तो गुडघ्यांवर आला आणि तोंडानं भुशात कोसळला.

योगायोग, असं तिनं स्वतःला बजावलं. काम पुन्हा सुरू झाल्यावर तिनं परत चाचणी घेतली. या वेळी क्रेनवाल्याची ओळ आली. ती धडाधड जिना उतरली, हातवारे करत ओरडली, "खाली उतर! आधी खाली उतर!"

यंत्रांच्या आवाजात त्याला काही कळेना. "काय म्हणतेस, ताई?" म्हणत तो केबिनमधून बाहेर वाकला. साखळीला लटकलेला ओंडका झोका घेऊन आला आणि त्याचं डोकं केबिनच्या पत्र्यावर फुटलं.

त्यानंतर तिनं त्या कोडला हात लावला नाही. पण साहेबांना अहवाल हवा होता, म्हणून चष्मेवाल्यानं तो कोड आपोआप चालेल अशी सोय करून टाकली. एका दुपारी, रजेवर कुणीच नसताना, तिच्या स्क्रीनवर दादाची ओळ उमटली. खाली तो मोठ्या करवतीवर ओंडका सरकवत होता.

ती उठली आणि तशीच थबकली. ओरडल्यानं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. ती परत बसली आणि कोडमध्येच लिहिलं: आलेल्या ओळींत हा नंबर असेल, तर गाळ.

"अगं, तू फक्त तुझ्यापुरतं गाळतेयस," चष्मेवाला म्हणाला. "डेटाबेसमधून ओळ येणारच."

"मला दिसायला नको."

स्क्रीन कोरी झाली. खालून किंकाळी आली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. दादाला जेवायला हाक मारावी म्हणून ती खाली गेली.

यंत्रं बंद होती. मोठ्या करवतीभोवती माणसं जमली होती. एक जण भिंतीला टेकून ओकत होता.

"दादा कुठाय?"

मिस्त्री पुढे आले. त्यांनी दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते.

"बघू नकोस, पोरी."

तिनं बघितलं. करवतीखाली कोरडा, पिवळाधमक भुसा होता.

"मिस्त्री, इथे तर कुणीच नाही."

मिस्त्री ओक्साबोक्शी रडायला लागले.

चौघांनी खाली वाकून जपून काहीतरी उचललं, स्ट्रेचरवर ठेवलं.

"पाय राहिला रे," एक जण हळूच म्हणाला.

स्ट्रेचर तिच्या समोरून गेलं. त्यावर काहीच नव्हतं. फक्त त्याचं कापड मधोमध ओझ्यानं खाली ताणलं होतं.