सुंदराबाईची तराई

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. अमरावतीत माझं ऑफिस आहे, काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद मोजायचं मशीन आहे, आणि सुदैवाने तोंडही शाबूत आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, ते मला विचारू नका. घडलं ते सांगते, तुमचं तुम्ही ठरवा.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दर्यापूरजवळच्या एका गावात मुलींचं वसतिगृह बांधून चार वर्षं झाली होती. संस्थेच्या भांडणात कुलूप लागलेलं, ते आता उघडणार होतं. जूनमध्ये साठ मुली राहायला येणार होत्या. त्याआधी इमारत धडधाकट आहे असं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते द्यायचं होतं मी, कारण बांधकामाच्या वेळीही काँक्रीट चांगलं असल्याची सही माझीच होती. संस्थेचे सचिव खुशालराव माझ्या वडिलांचे वर्गमित्र. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी फोनवर सांगितलं, "पोरी, चक्कर मारून ये फक्त. कागद मी तयार ठेवतो."

मी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. आमच्याकडे मेमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळलेली, वर पांढरं ऊन, आणि शेताच्या मधोमध ती दोन मजली पिवळी इमारत. राखणदार गोवर्धन निंबाखाली बाजेवर बसला होता. त्याने किल्ली दिली, पण उठला नाही.

"लवकर पाहून घ्या मॅडम. बारानंतर आत थांबू नोका."

"काहून?"

"तराई चालू रायते."

तराई म्हणजे ताज्या काँक्रीटवर पाणी मारत राहणं. दहा-पंधरा दिवस मारलं की काँक्रीट पक्कं होतं. चार वर्षांच्या इमारतीला कोण कशाला पाणी मारेल? मी हसले.

"कोण करतं तराई?"

"सुंदराबाई." त्याने डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला. "मेली ते. याच कामावर. अशाच उन्हात."

मग त्याने सगळं सांगितलं. हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड पाणी नळाला आठ दिवसांनी येतं. ठेकेदाराने सरळ बोअरच्या पाण्यात काँक्रीट कालवलं. सुंदराबाई तराईवर होती. तिने पाणी चाखलं आणि भर कामावर खुशालरावांना अडवलं. म्हणाली, "भाऊ, या पान्यानं आमच्या बादलीची कडी सडते. आतलं लोखंड कसं टिकन?" त्यावर काका म्हणाले, "सिमेंटाले काय जीभ हाय का?" सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ती घरच्या वाट्याचं गोड पाणी डोक्यावर आणून कॉलमवर मारू लागली. दोन किलोमीटर. सहाव्या दिवशी अकरा नंबरच्या कॉलमपाशी पडली, ती उठलीच नाही.

मला सुंदराबाईआधी माझीच सही आठवली. त्या कामाची रेती आणि गिट्टी चाचणीसाठी माझ्याकडे अमरावतीला आली होती. त्यातून काँक्रीटचे ठोकळे मी माझ्या अंगणात भरले, आमच्या नळाच्या पाण्यात. जन्मभर धरणाचं गोड पाणी प्यायलेली मी! पाण्याला चव असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ठोकळे उत्तम निघाले, मी सही केली. त्या ठोकळ्यांचा आणि या इमारतीचा काडीचा संबंध नव्हता.

मी छिन्नी-हातोडी घेतली आणि आत गेले.

आत गारवा नव्हता, पण वास होता. ओल्या सिमेंटचा. हा वास मी झोपेतही ओळखीन. जमीन कोरडी ठक्क, भिंती कोरड्या, संडासातले नळ उघडून पाहिले तर नुसती हवा. प्लॅस्टरही नवंकोरं, कुठे केसाएवढी चीर नाही. हातोडीने ठोकत मी एकेक कॉलम पाहत गेले. आवाज मला आवडत नव्हता, पण आवाजावर कोणी इमारत पाडत नाही.

नवव्या कॉलमपाशी होते तेव्हा ऐकू आलं.

सप...

लांब, पहिल्या कॉलमच्या बाजूला. पातेल्यातून पाणी भिरकावल्यावर होतो तसा आवाज. मी थांबले. थोड्या वेळाने पुन्हा, आणि थोडा जवळ.

सप...

"गोवर्धन?" मी हाक मारली. खिडकीतून दिसत होतं, तो निंबाखालीच होता. माझ्याकडे पाठ करून बसला होता.

तिसरा कॉलम. चौथा. पाणी दिसत नव्हतं, पण एकेक कॉलम कमरेपासून वर ओला होत येत होता. पावलांचा आवाज नाही, बांगड्यांचा मात्र होता. काचेच्या, दोनच असाव्यात. दार उघडं होतं, पळता आलं असतं. पण मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता, आणि तो स्वतःचाच होता. एक बाई डोक्यावर पाणी वाहून मेली आणि मी पंख्याखाली बसून सही ठोकली. आता पळून कुठे जाणार होते?

आठवा. मग माझा नववा. माझी बाही भिजली. मी ओठाला लावून पाहिली... गोड पाणी होतं.

"सुंदराबाई," मी म्हणाले. "मी जात नाही. काय दाखवायचं ते दाखवा..."

मग अकराव्या कॉलमवर वरून खाली पाणी ओघळू लागलं. सावकाश, कोणी भरलेली घागर ओतावी तसं. संपलं तेव्हा मी जवळ गेले. उन्हाळाच तो, पाच मिनिटांत कॉलम वाळला. पण सगळा नाही. डोळ्याला न दिसणारी चीर असली तरी तिथे पाणी शिरून राहतं. पांढऱ्या पडलेल्या प्लॅस्टरवर चार काळ्या रेघा उरल्या, वरपासून खालपर्यंत, बरोबर आतल्या सळयांच्या जागी. मी मागे वळून पाहिलं. भिजलेल्या नऊही कॉलमवर तशाच रेघा होत्या.

छिन्नी लावली. तीन घावांत पापुद्रा निघाला. आत अंगठ्याएवढी सळई असायला हवी होती. गंज फुगला होता, आणि गंज खरवडल्यावर उरलं ते करंगळीपेक्षा बारीक.

चारला काका गाडीतून आले, हातात कागद. मी त्यांना सळई दाखवली. त्यांनी नीट पाहिलीसुद्धा नाही.

"वरून प्लॅस्टर करून घेऊ. तू सही कर."

"साठ पोरी झोपणार आहेत इथं, काका."

"अन् तुह्या जुन्या सहीचं काय? लायसन जाईन तुहं."

"जाऊ द्या. चूक माझी आहे, मीच भोगीन. पण दुसरी करणार नाही."

कॉलमवर नंबर टाकायचा लाल रंग गाडीत होता. अकराव्या कॉलमवर मी हातभर अक्षरांत लिहिलं: 'खाऱ्या पाण्यातलं बांधकाम. इथे कोणीही राहू नये. माझी आधीची सही चुकीची होती.' खाली नाव, तारीख, सही.

काका हसले. "तुह्या एकटीच्या सहीले कोन इचारते? उद्या अकोल्याचा इंजिनिअर आनतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी गवंडी लावून माझ्या अक्षरांवर सिमेंट फासलं. सकाळी गोवर्धनचा फोन आला. नुसतं "या" म्हणाला. मी गेले तेव्हा अकोल्याचा इंजिनिअर आला होता, काकाही होते. कालचं सिमेंट निथळून कॉलमच्या बुडाशी पडलं होतं. लाल अक्षरं धुतल्यासारखी स्वच्छ. आणि माझ्या सहीच्या खाली, तेवढ्याच उरलेल्या ओल्या सिमेंटमध्ये उमटलेला एक अंगठा. लहान, बाईमाणसाचा.

अकोल्याच्या इंजिनिअरने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदाला हात न लावता गाडीत जाऊन बसला. काका मात्र भडकले. "हे तुमचे नाटकं!" म्हणत त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याने तो ठसा खसाखसा घासून काढला.

मुली आता दर्यापुरात भाड्याच्या घरात राहतात. माझं लायसन सहा महिने बंद होतं. चूक मी स्वतःच लिहून दिली होती, त्यामुळे कुरकुर नाही. इमारत पाडायची माझी मागणी चालूच आहे.

परवा परतवाड्याला एका लग्नात काका दिसले. अक्षता डाव्या हाताने टाकत होते. उजव्या अंगठ्याला गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला. सत्यभामाकाकू शेजारी बाटली घेऊन बसल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने त्यावर पाणी ओतत होत्या. मी विचारलं, "काय झालं काकू?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आठ महिने झाले, बाई. ते सिमेंट निघतच नाई. अन् सुकू देलं का... तडकते."