शोभेची माशी

“अहो, शिस्त म्हणून काही असते नदीला!”

बर्फाळ पावसात कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली थिआ कडाडली. कॉर्विन नावाचा तो नवखा गळकरी थेट तिच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला उतरला होता. हिवाळ्यात स्टीलहेड मासे धरणाऱ्यांत मागून येणाऱ्याने वरच्या अंगालाच उभे राहायचे असते.

“चुकलं… पण मागे राहिलो, तर मासा कुणाला मिळणार?”

“मला. म्हणून तर शिस्त!”

तो हसला. तीही – नाइलाजाने.

गळांच्या दुकानात थिआ माश्या, म्हणजे माशांना भुलवायला गळावर पिसे बांधून केलेले खोटे किडे, बांधी; पण तिच्या माश्या चौकटीत लावायच्या, शोभेच्या. गळ आवळून धरणारा शेगडा न वापरता तो चिमटीत धरायचा, रंगीत पिसांच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून पंख साधायचे. रेशमी दोऱ्याचे टोक धरायला आता रोज कॉर्विन येऊ लागला.

“श्वास हळू घे रे, पिसं उडतात.”

“तू एवढी जवळ असताना… हळू कसा घेऊ?”

“मग दोरा सोड आणि लांब बस.”

दोरा त्याने सोडला नाही.

फेब्रुवारीअखेर कॅन्ससहून भावाचा फोन आला. आईला अर्धांगवायू झाला होता. थिआ येणार, की आईला शुश्रूषागृहात ठेवायचे? थिआने आठवडाभराची मुदत मागितली आणि त्या आठवड्यात आपली सर्वांत देखणी माशी बांधली. गळ जुन्या घडणीचा; दोरी ओवायला धातूच्या नेढ्याऐवजी तंतूचा नाजूक फासा असलेला. ती माशी कॉर्विनच्या तळहातावर ठेवत थिआ म्हणाली,

“आईकडे जावं लागेल… बहुधा.”

त्या ‘बहुधा’वर तो काय म्हणतो, याकडे तिचे सारे लक्ष लागले होते.

“ही… भिंतीवर लावायची ना?”

“नाहीतर काय!”

माशी घेऊन तो निघून गेला. नंतर फिरकलाच नाही. मुदत संपली, तेव्हा थिआने भावाला होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी कॉर्विन दुकानाच्या दारात उभा, नखशिखान्त भिजलेला.

“तुटली.”

“काय तुटली?”

“तुझी माशी. नदीत टाकली… मोठा मासा लागला, फासा तुटला.”

“वेडा आहेस का? शोभेची होती ती!”

“भिंतीवर टांगली असती, तर तू गेलीस हे कबूल केल्यासारखं झालं असतं. थांब ना, थिआ…”

“हे त्या दिवशी का नाही बोललास?”

“इथे मासेमारी सोडून जाणाऱ्याला शोभेची माशी देतात. वाटलं… मला निरोप देतेयस.”

“अरे, मला जे सर्वांत चांगलं येतं, ते दिलं होतं मी!”

थिआने त्याला आत घेतले.

“कालच हो म्हटलं दादाला. आईला सांगितलंय त्याने. वाट बघतेय ती.”

“मी येऊ बरोबर?”

“उन्हाळ्यात विचार. आत्ता आलास, तर माझं लक्ष तिच्यापाशी राहायचं नाही.”

तो तिचे सामान बांधायला पुढे झाला. टेबलावर उरलेली पिसे वर्तमानपत्रात गुंडाळू लागला – उलटसुलट, दुमडून, मोडून. एरवी तिने हातावर चापट मारली असती. आज तिने दुसरे वर्तमानपत्र पुढे सरकवले आणि त्याला सावकाश, चुकत गुंडाळू दिले.