गॉगलच्या आतला चष्मा

बुधवारी दुपारी ताईच्या चष्म्याच्या दुकानात सहसा कोणी फिरकत नाही. त्या वेळात ती फ्रेम्स पुसते, ढिले स्क्रू आवळते आणि चहाचा कप काउंटरवर ठेवून विसरून जाते. अशाच एका बुधवारी तिचा धाकटा भाऊ पिशवीतून चार गॉगल घेऊन आला, चारही ओळीने मांडले आणि म्हणाला, "यातला एक सांग. माझं डोकं चालेनासं झालंय."

धाकटा म्हणजे अडतीस वर्षांचा, सहा फूट उंच, दाढीत पांढरे केस डोकावू लागलेला गडी. घरात त्याला अजून बारक्याच म्हणतात. सहा महिन्यांपासून त्याला एअरसॉफ्टचं वेड लागलं होतं. दर रविवारी पंधरा-वीस बाप्ये आणि दोन-तीन बायका एका बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामात जमायचे, प्लास्टिकच्या बारीक गोळ्या उडवणाऱ्या बंदुका घेऊन एकमेकांच्या मागे धावायचे, आणि संध्याकाळी कंबर धरून घरी जायचे. ताईला हा निव्वळ पोरखेळ वाटे. पण ती गोळी डोळ्यात बसली तर डोळा जातो, आणि बारक्याकडे घालवायला जास्तीचा डोळा नव्हता.

त्याचा उजवा डोळा ठीक. साडेतीनची मायनसची काच लावली की तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो. डाव्याचा नंबर आठ, पण तो जन्मापासून आळशी. कितीही बरोबर काच द्या, वरची दोन मोठी अक्षरं सोडली तर त्याला सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. बारक्या सात वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावा, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल. आई नोकरीला जायची, त्यामुळे पट्टीचं काम बारा वर्षांच्या ताईकडे आलं. बारक्या रडायचा, गयावया करायचा. ताईला ते बघवायचं नाही. ती पट्टी काढून टाकायची आणि आई यायच्या पाच मिनिटं आधी पुन्हा चिकटवायची. वर्षभर असं चाललं. मग डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती आणि दोघं तिच्याबद्दल कधी बोलत नसत. पण ताईला तिचा विसर एक दिवसही पडला नव्हता.

"हा जाळीचा," बारक्या म्हणाला. "यात वाफ धरत नाही. निम्मे लोक हाच वापरतात."

"त्या निम्म्या लोकांना दोन-दोन डोळे आहेत. गोळी जाळीवर फुटली की चुरा आत येतो. उचल तो."

दुसरा काळ्या चष्म्यासारखा, बाजूने उघडा. ताईने तो हातातही घेतला नाही. "बाजूने गोळी आली तर तिला काय सांगणार आहेस, जरा समोरून ये म्हणून?"

तिसरा मोठा, चष्म्यावरून घालायचा. तो तिने बारक्याला घालून बघायला लावला. चष्म्याच्या काड्यांमुळे कानाजवळ फट राहत होती, आणि दोन मिनिटं दुकानात चकरा मारायला लावल्यावर चष्मा आणि गॉगल, दोन्हींवर वाफ धरली. बारक्या काउंटरला धडकला.

"कॉन्टॅक्ट लेन्स लावू का?"

"तुझे डोळे कोरडे, गोदामात ही धूळ. अजिबात नाही."

चौथा चारी बाजूंनी घट्ट बसणारा, न फुटणाऱ्या दुहेरी पॉलिकार्बोनेटचा, कडेला धक्क्याच्या चाचणीचा शिक्का असलेला. त्याच्या आत नाकाशी एक खोबण होती. तिथे नंबरच्या काचांची छोटी फ्रेम अडकवता येते. तिला इन्सर्ट म्हणतात.

"हाच," ताई म्हणाली. "काचा मी करते. शनिवारी घेऊन जा."

काचा तिने स्वतः घासल्या. मशीनवर नंबर तपासले, उजवा साडेतीन, डावा आठ. शनिवारी दुकानात गर्दी होती. एका आजोबांचा चष्मा नाकावरून घसरत होता, एका बाईंना गुलाबीच फ्रेम हवी होती. त्या गडबडीत ताईने इन्सर्ट खोबणीत दाबला, टक् असा आवाज झाला, आणि गॉगल बारक्याच्या हातात दिला.

रविवारी चार वाजता त्याचा फोन आला.

"ताई, कमाल केलीस. वाफेचा पत्ता नाही. आणि डाव्या डोळ्याने दिसतंय."

"डाव्याने काय दिसणार आहे तुला?"

"सगळं. भिंतीवरचे खिळे मोजले मी. एक घोटाळा झाला मात्र."

त्यांच्या खेळात एक नियम आहे. मैदानात कोणाच्या तोंडावर गॉगल दिसला नाही, की बघणाऱ्याने 'डोळे' म्हणून ओरडायचं. ओरडा ऐकला की सगळ्यांनी बंदुका जमिनीकडे करायच्या आणि जागच्या जागी थांबायचं. बारक्याला गोदामाच्या पार टोकाला, फळकुटांच्या ढिगाशी, एक माणूस गॉगलशिवाय उभा दिसला. उजव्या डोळ्यावर हात ठेवलेला. गोळी लागली असणार, म्हणून बारक्या जीव खाऊन ओरडला. खेळ थांबला. पंच धावत आले. ढिगाशी कोणी नव्हतं. डोकी मोजली तर अठरा, म्हणजे सकाळी होती तेवढीच, आणि सगळ्यांचे गॉगल जागेवर. मग दिवसभर जो तो बारक्याला बघून 'डोळे, डोळे' करत होता.

"सावली असेल," ताई म्हणाली. "उद्या गॉगल घेऊन ये."

सोमवारी गॉगल हातात घेताक्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. इन्सर्ट उलटा बसला होता. ती फ्रेम दोन्ही बाजूंनी खोबणीत जाते आणि आतून बसवताना डावं-उजवं डोक्यात फिरतं. शिकाऊ माणसाने केली असती तर तिने झापला असता अशी चूक. उजव्या डोळ्यापुढे आठ, डाव्यापुढे साडेतीन.

म्हणजे उजव्यावर ताण यायला हवा होता, आणि डाव्याला नेहमीपेक्षाही कमी दिसायला हवं होतं.

तिने त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. दुकानाची लांबी कमी, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला होता आणि समोरच्या आरशात बघून तो वाचायचा. तिने आधी उजवा तपासला, सरळ साडेतीनची काच लावून. शेवटच्या ओळीत तो एका अक्षराला अडखळला. दमला असेल, असं ती मनाशी म्हणाली. मग गॉगल चढवला आणि उजव्या बाजूवर पुठ्ठा धरला.

बारक्याने डाव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचली. सलग, न अडखळता.

एकतीस वर्षांत त्या डोळ्याने तिसरी ओळ गाठली नव्हती. ती काही बोलणार तेवढ्यात बारक्या म्हणाला, "तुझं गिऱ्हाईक आलंय. त्यांना बसायला सांग ना, दाराशी कधीचे उभे आहेत."

ताईने वळून पाहिलं. दार बंद होतं. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि रस्त्यापलीकडे एक बाई छत्री उघडत होती.

"कोण?"

"अगं ते. आरशात दिसतायत." त्याचा आवाज जरा खाली आला. "कालचेच वाटतात. डोळ्यावर हात."

"दुखतंय का त्यांना?" असं का विचारलं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"तसं नाही वाटत. दाबलेला नाहीये हात. नुसता ठेवलाय, वाटीसारखा."

हे शब्द ताईचेच होते. हात वाटीसारखा ठेवा, डोळा दाबू नका. हे वाक्य ती त्याच खुर्चीशी उभी राहून दिवसातून दहा वेळा म्हणायची.

तिने गॉगल काढून घेतला, इन्सर्ट सोडवला, सुलटा बसवला आणि पुन्हा घालायला दिला. डाव्याने वरची दोन अक्षरं, पुढे नुसतं धुकं. दाराशी कोणी नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता बरोबर आहे."

"नको," बारक्या म्हणाला.

"नको काय?"

"तसाच राहू दे, ताई. उलटाच." तो खुर्चीतून उठला नाही. "मला आजवर कळलंच नव्हतं गं, दोन डोळ्यांनी जग कसं असतं ते. वस्तूंना मागची बाजू असते. काल मी नुसता एक खांब बघत उभा होतो. तू हसशील."

ताई हसली नाही. तिने त्याला समजावलं की असं होणं शक्य नाही, चुकीच्या काचेने उजव्यावर ताण येईल, डॉक्टरांना दाखवू. सगळं बरोबर होतं, आणि बारक्या ते ऐकूनही घेत होता. मग तो म्हणाला, "एवढ्या वेळी ऐक ना माझं."

बरोबर याच आवाजात तो सातव्या वर्षी बोलायचा. ताईने मनाची समजूत घातली. गोळीपासून वाचवतो तो बाहेरचा गॉगल, आतला चष्मा नुसता बघायला. एका आठवड्याने काय बिघडतंय? तिने इन्सर्ट पुन्हा उलटा बसवला. टक्.

पुढच्या रविवारी फोन आला तो आनंदाचा. बारक्याची बाजू तिन्ही डाव जिंकली होती.

"आणि तो माणूस?"

"होते की. आज बरेच अलीकडे होते."

"मग ओरडलास का? नियम आहे ना तुमचा?"

"कोणासाठी ओरडू? ते खेळत नाहीत, ताई. ते थांबलेत नुसते."

गुरुवारी भावजयीचा फोन आला. तिचा सूर तक्रारीचा होता, पण मधूनच हसत होती. "ताई, तुम्हीच सांगा यांना. घरात गॉगल घालून बसतात. जेवताना गॉगल, टीव्ही बघताना गॉगल. काल पाहुण्यांसमोर तसेच आले. आणि मी यांच्या शेजारी बसले, तर मी पुढे केलेला कप यांना दिसतच नाही. सांडला सगळा चहा."

ताईने नीट विचारून घेतलं. ती त्याच्या उजवीकडे होती की डावीकडे? भावजय म्हणाली, "मी त्यांच्या उजवीकडे. का हो?"

शुक्रवारी सकाळी दुकान उघडताच तिने बारक्याला बोलावून घेतलं. तो आला तो उघड्या डोळ्यांनी. गॉगल नाही, चष्माही नाही.

"चष्मा कुठाय?"

"लागत नाही आता," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. त्याचा चेहरा इतका खुलला होता की ताईला दोन क्षण पुढचं काही विचारायचंच सुचलं नाही.

"उजवा झाक."

त्याने हात वाटीसारखा ठेवला आणि डाव्याने सगळा तक्ता वाचून काढला. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. तेही वाचलं.

"आता डावा झाक."

त्याने हात बदलला.

"वाच."

"काय वाचू?"

"वरचं मोठं अक्षर."

"ताई, दिवे घालवलेस का?"

दिवे चालू होते. तक्त्यामागची ट्यूबही चालू होती.

तिने उजव्या डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली झटकन लहान झाली. डोळा स्वच्छ होता, निरोगी होता. तो तिच्याकडे बघत नव्हता एवढंच.

"कधीपासून?"

"माहीत नाही गं. डाव्याने एवढं छान दिसतंय, लक्षातच नाही आलं."

ताईने बॅटरी खाली ठेवली. तिला ओरडून रडावंसं वाटलं. दोनदा त्याने हट्ट केला होता, दोनदा तिला बघवलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा डोळा गेला तो त्याचा. तिने पर्स उचलली.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

बारक्या उठला नाही. तो आरशात बघत होता.

"आज त्यांनी हात खाली घेतलाय," तो म्हणाला.

"बारक्या, ऊठ म्हटलं ना!"

तो उठला. उठून लगेच दाराकडे गेला नाही. अरुंद जागेत कोणाला वाट द्यावी तसा भिंतीला टेकून बाजूला झाला, आणि खुर्चीकडे हात करून अदबीने म्हणाला, "बसा ना, माझं झालंय."

खुर्चीची गादी रेक्झिनची होती, जाड फोमची. माणूस उठला की ती हळूहळू फुगून वर यायची.

ताई बघत राहिली.

गादी खालीच होती.